लाल हेल्मेटवाला बेडूक

रबरी चेंडू पुन्हा पलंगाखाली गेला. आईने तो मुद्दामच सोडला होता, हे त्याला स्पष्ट दिसलं.

"मी काय मांजर आहे चेंडूशी खेळायला?" ती म्हणाली. तिचा उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

अर्धांगाचा झटका येऊन सहा आठवडे झाले होते. पाय सावरला. बोलणं तर धार लावूनच परत आलं होतं. हात मात्र हटून बसला होता. व्यायाम घेणाऱ्या बाई काल निघताना दारात हळूच म्हणाल्या होत्या, "आता बोटं हलवली नाहीत तर पुढे अवघड आहे. त्यांना आवडेल असं काहीतरी द्या हातात."

आवडेल असं काय देणार, कपाळ? जन्मभर तिने शिलाई मशीन चालवलं, आणि आता त्याच मशीनवर तिने चादर टाकायला लावली होती.

तिची शाल काढायला त्याने कपाट उघडलं आणि हाती लागला बाबांचा टी-शर्ट.

एकेकाळी पिवळाधमक, आता साईच्या रंगाचा. छातीवर लाल हेल्मेट घातलेला बेडूक पुलावरून उडी मारतोय, सगळा चौकोनाचौकोनांचा, त्या काळच्या पडद्यावर दिसायचा तसा. दोन्ही बगलांखाली वेगळ्याच कापडाच्या पट्ट्या.

"आई, हे बघ काय सापडलं!"

"टाकून दे तो बोळा," आई म्हणाली. पण बघत राहिली.

टाकून दे म्हणे! त्याचं अख्खं बालपण होतं त्या शर्टात. कोपऱ्यावरचं व्हिडिओ गेमचं पार्लर, आतला अंधार, पोरांच्या घामाने चिकट झालेली बटणं. त्याच्या जन्माआधी कधीतरी पार्लरच्या मालकाने जाहीर केलं होतं, जो कोणी या बेडकाला पुलापार नेईल त्याला त्याच्या मापाचा शर्ट छापून देईन. पूल म्हणजे महाकर्मकठीण. असा शर्ट एकच निघाला, आणि तो बाबांच्या अंगात होता! रविवारी तो घालून बाबा त्याला पार्लरमध्ये न्यायचे. पोरं बाजूला सरून वाट करून द्यायची. त्याचीच छाती बाबांपेक्षा जास्त फुगायची.

स्वतः बाबा मात्र कधी खेळले नाहीत. "जिंकलेल्याने पुन्हा खेळायचं नसतं," म्हणायचे. तो पुलावर अडकला की ते कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "विचार करून सांगतो." दुसऱ्या दिवशी सकाळी तोडगा हजर! डावीकडे चिकटून राहा, तिसरी फळी हलली की लगेच उडी. काय डोकं होतं माणसाचं!

आई लग्नाआधी पार्लरशेजारच्याच शिवणाच्या दुकानात कामाला होती. तिथेच दोघांचं जमलं. "मी खेळायचो तेव्हा तुझी आई दारात उभी राहून बघायची," असं बाबा रंगवून सांगायचे. आई त्यावर नुसती हसायची.

"या पट्ट्या कशाला गं लावल्यास?" त्याने विचारलं.

"त्यांना होत नव्हता. पोट काय कमी होतं का तुझ्या बाबांचं?"

तीन वर्षं झाली होती बाबांना जाऊन. शर्टाकडे बघता बघता त्याला एकदम सुचलं.

जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून दोन दिवसांनी त्याने तोच खेळ आणला. टीव्हीला जोडायची पेटी. डाव्या हाताला दांडी, उजव्या हाताला उडीचं बटण. बाबांचा शर्टही त्याने अंगात चढवला.

"बाबांसाठी तरी एकदा खेळ, आई."

"मला नको ते खूळ."

मग तोच खेळायला बसला. बेडूक पुलावरून पाण्यात. पुन्हा पाण्यात. चाळिशी उलटली तरी अजून जमत नव्हतं! पाचव्यांदा बेडूक बुडाला तेव्हा त्याला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"बाबा असते तर उद्या सकाळी सांगितलं असतं," तो म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले.

आईने पडद्यावरच्या पुलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "सरक जरा."

डाव्या हाताने तिने उजवा हात उचलला आणि बटणावर नेऊन ठेवला. पहिला बेडूक बुडाला. दुसराही. बोट जागचं हललं नव्हतं.

"राहू दे आई, उद्या—"

"गप्प बस."

चौथ्या वेळी बोट थरथरलं. सहाव्या वेळी दाबलं गेलं, पण उशिरा. तिच्या कपाळावर घाम आला होता. पुन्हा पूल आला. बेडूक डावीकडे चिकटून उभा राहिला. तिसरी फळी हलली, आणि बोट खाली गेलं.

बेडूक पलीकडे उभा होता.

तो लहान पोरासारखा ओरडला. "हललं! आई, बोट हललं! बाबांचं सांगणं बरोबर लक्षात होतं तुझ्या!"

आईने श्वास सोडला. मग उजवा हात सावकाश उचलून तिने त्याच्या बगलेखालची पट्टी दोन बोटांत धरली.

"काढ तो शर्ट, आणि माझी छोटी कात्री आण," ती म्हणाली. "या पट्ट्या उसवल्या की मला पुन्हा पहिल्यासारखा बसेल."