पहिले शंभर किलोमीटर

टायरवालीने मागचा टायर रिमवरून उतरवला, उजेडात धरून फिरवला आणि ती थबकली. रस्ता टायर असा खात नाही. रस्ता खातो तेव्हा गुळगुळीत करतो. इथे तर ओरखडेच ओरखडे होते. कुणीतरी कानस घेऊन टायरशी जुनं वैर काढावं तसे.

समोर स्टुलावर काकू बसल्या होत्या. मांडीवर चहाचा थर्मास, डोक्यावर आतापासूनच हेल्मेट आणि नजर छताला.

“काकू, या टायरला कुणीतरी कानस मारलीय.”

“हळू बोल,” काकू छताकडे बघतच म्हणाल्या. “हे समोरच औषधाच्या दुकानात गेलेत.”

‘हे’ म्हणजे काका. औषधकंपनीचे फिरते विक्रेते, आता निवृत्त. सगळे त्यांना वावटळ म्हणत. काका घरी पोचून अर्धा कप चहा पीत, तेव्हा कुठे त्यांच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळे. एकदा त्यांना एका गावात शिंक आली आणि रुमाल खिशातून निघेपर्यंत पुढचं गाव मागे पडलं होतं. खोटं वाटत असेल तर त्या पुढच्या गावात विचारावं. अशा माणसामागे बसून काकूंनी बत्तीस वर्षांत एवढंच पाहिलं होतं : शर्टाच्या पाठीची शिवण. त्या शिवणकाम शिकवत, म्हणून निदान तेवढं तरी बघण्यासारखं होतं.

फक्त नवा टायर बसला की वावटळ शांत होई. नव्या टायरला कारखान्यातली चकाकी असते. ती उतरेपर्यंत तो ओल्या साबणासारखा निसरडा. पहिले शंभर किलोमीटर ताशी चाळीसच्या वर जायचं नाही, वळणावर झुकायचं नाही, करकचून ब्रेक दाबायचा नाही. हा नियम टायरवालीच्या वडिलांनी घालून दिला होता, आणि कुणाच्या बापाचं न ऐकणारे काका या एका बापाचं ऐकत.

टायरवालीने टायर खाली ठेवला. “म्हणजे तुम्हीच? काकू, घासलेला टायर ओल्या रस्त्यावर दगा देतो. मी सांगणार काकांना.”

काकूंनी हेल्मेट काढलं.

“आमचं लग्न झालं तेव्हा गाडी नवी होती,” त्या म्हणाल्या. “नदीकाठच्या रस्त्याने गेलो होतो. चाळीसने. हे बोलत होते, मला सगळं ऐकू येत होतं. मी बोलत होते, यांना ऐकू जात होतं. यांना अंधाराची भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं. शाळेत असताना घरून पळाले होते आणि भूक लागली म्हणून परत आले, तेही. शंभर किलोमीटरमध्ये मला हा माणूस कळला गं. एकशे एकाव्या किलोमीटरला जो सुटला, तो सुटलाच.”

“मग सांगायचं ना, हळू चालवा म्हणून.”

“सांगितलं की! ऐंशीने जाताना. वाऱ्याने ऐकलं असेल.”

टायरवालीला हसू आलं, पण तिने ते गिळलं.

“हे झोपले की मी अंगणात जाते,” काकू म्हणाल्या. “रोज कानशीचे दहा हात. वर्षाकाठी होतो एक टायर. तो एक दिवस माझा असतो. आता सांगायचं तर सांग.”

“बाबांना माहीत होतं?”

“पहिल्याच वर्षी ओळखलं त्यांनी. म्हणाले, वहिनी, आपल्याकडचे रस्ते भारी वाईट. आणि टायर बदलून दिला.”

टायरवालीला आठवलं. ती लहान असताना वर्षातून एकदा हे दोघं इथून निघत, गोगलगाईच्या चालीने. बाबा हात पुसत दारात उभे राहत, ती दोघं वळेपर्यंत. ओठांत हसत. तिला वाटे, बाबांना टायरचा अभिमान वाटतोय.

“यंदा तर फारसं झालंच नाही,” काकू उजवं मनगट चोळत म्हणाल्या. “कानस उचलवत नाही. पाव टायर झाला असेल, नसेल. मी आशाच सोडली होती. पण परवा हेच म्हणाले, टायर गेला. या खेपेला खरंच रस्त्याने खाल्ला बघ.”

टायरवालीने जुना टायर पुन्हा एकदा फिरवून पाहिला. मग कामाला लागली. नव्या टायरला साबणाचं पाणी लावलं, त्यावरच्या बाणाची दिशा पाहिली, दोन लोखंडी पट्ट्यांनी कड रिमवर चढवली. हवा भरताना टायर टप्पकन जागेवर बसला. अंगावर रबराचे केस, तान्ह्या बाळासारखे.

काका आले. नव्या टायरवरून त्यांनी बोट फिरवलं.

“काय गं, जुना कशाने गेला?”

काकूंनी थर्मास घट्ट धरला.

“रस्ता, काका,” टायरवाली म्हणाली. “आपल्याकडचे रस्ते भारी वाईट.”

“तेच म्हणतो मी! आणि चालवायची चाळीसनेच ना?”

“चाळीसनेच. पुरे शंभर किलोमीटर.”

काकू हेल्मेटचा पट्टा लावत गाडीपाशी गेल्या. त्यांचा चेहरा लग्नातल्या फोटोतल्यासारखा झाला होता. काका हवा बघायच्या निमित्ताने खाली वाकले.

“तुझ्याकडे घासायचं मशीन असेल ना?” ते टायरवालीच्या कानाशी पुटपुटले. “तिचं राहिलेलं यंदा मी पुरं केलं, पण आता माझंही मनगट गेलंय.”