पैकीच्या पैकी

फार्माकॉलॉजीच्या पेपरला निघताना मी आईला बजावलं, "काही झालं तरी साखरेची गोळी चुकवू नकोस." मागच्या आठवड्यात तिने दोन दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. तिने माझ्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "घेते गं. तू निश्चिंत जा."

पेपर सोपा गेला. शेवटचा प्रश्न तर तोंडपाठ होता: साखर उतरवणारी गोळी घेऊन रुग्ण दिवसभर उपाशी राहिला, तर काय होईल? घाम, थरथर, बरळणं, बेशुद्धी आणि वेळ गेला तर मेंदूला कायमची इजा, असं सगळं मी क्रमाने लिहिलं. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे रुग्णाला आधीच समजावून सांगावं, ही ओळ मी अधोरेखितही केली.

आमच्या मोहल्ल्यातल्या खंडेराव गेटजवळ मी ऑटोतून उतरून घरी आले, तर शेजारच्या कुशवाहा भाभी आमच्या दारात उभ्या. आईला दवाखान्यात नेलं होतं.

"बिटिया, तुम्हारे पेपर के लिए निर्जला व्रत रखे थीं," त्या म्हणाल्या. "हमने कहा चाय तो पी लो, नहीं मानीं. बस गोली के लिए एक घूँट पानी लिया. बोलीं, नहीं खाई तो बेटी नाराज होगी."

आई वाचली, पण मला ओळखत नाही.


त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.