पॅकिंगवाल्याची बॅग

गोदामातला पॅकिंग सुपरवायझर बायकोला घेऊन डोंगर चढायला निघाला, तेव्हा तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि त्याच्या पाठीवर सगळा संसार. दोन दिवस खपून त्याने बॅग अशी भरली होती, की आत सुई शिरायला जागा नव्हती.

अर्ध्या चढावर पावसाने गाठलं.

"अहो, रेनकोट काढा ना."

"तळाला आहेत. वरचं काढलं तर पुन्हा तसं बसणार नाही."

पुढच्याच निसरड्यावर तिचा पाय मुरगळला, कट्ट आवाज आला. "आई गं! निदान बँडेज तरी काढा!"

"मधल्या थरात आहे गं. जरा दम धर, घरी गेल्यावर काढतो की!"

ती भिजत, लंगडत, दात वाजवत खाली उतरली. बॅगेला मात्र स्वतःचा वेगळा रेनकोट होता. आत थेंब शिरला नाही.

पुढच्या रविवारी भटक्यांच्या क्लबाने त्याचं व्याख्यान ठेवलं : 'सुरक्षित भटकंतीसाठी बॅग कशी भरावी'. टाळ्या ओसरल्यावर त्याने ऐटीत विचारलं, "कुणाला काही शंका?"



प्लास्टरमधला पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बसलेल्या बाईने हात वर केला, "अहो, पण उघडायची कधी?"