तिसऱ्या सिलिंडरचा आवाज

जावयाने बॉनेटखालून डोकं काढलं, मुलीकडे वळून काहीतरी पुटपुटला, आणि मुलीने मान डोलावली.

"काय खलबतं चाललीत?" कानसेनांनी दारातूनच विचारलं.

"खलबतं कसली, बाबा? इंजिन खडखडतंय म्हणतोय मी," जावई आता नीट, मोठ्याने बोलला. "गोणीत भांडी भरून हलवावी तसं."

"माझ्यासमोर चालू आहे गाडी. खडखडत असती तर मला कळलं नसतं?"

गल्लीत सगळे त्यांना कानसेनच म्हणत. उभी हयात पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर काढलेला माणूस, पण कुणाची गाडी कुरकुरली की लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर. टोक इंजिनला, मूठ कानाला. डोळे मिटायचे आणि दुखणं सांगायचं. ते कधी चुकलं नव्हतं. बायको तेवढी शेजारी लागायची. तीही हौसेने मूठ कानाला लावून बघायची आणि भाबडेपणाने विचारायची, "दुसऱ्या सिलिंडरमधून येतोय ना हो?"

"मी तेच सांगणार होतो," ते म्हणायचे.

घरातही तिचं तेच. बेल वाजली ना हो? कुकरच्या शिट्ट्या झाल्या ना? प्रत्येक गोष्ट यांना विचारून खात्री करायची. "तुझे कान काय गहाण पडलेत?" असं ते चिडवायचे. ती नुसती हसायची.

ती गेली आणि माणसं बदलली. त्यांच्यासमोर कुजबुजू लागली. दूधवाला बेलही न वाजवता पिशवी दाराशी टाकून जाऊ लागला. झापलं तर वर तोंड करून म्हणाला, "काका, बोट दुखेस्तोवर दाबली." दुकानदाराने कुकरची शिट्टी बदलून दिली, पैसे मोजून घेतले, तरी कुकर मुका तो मुकाच. तळाशी करपल्याचा वास आला की गॅस बंद करायचा, एवढंच हाती राहिलं. मुलगी म्हणायची, फोन करून करून थकले. फोन तर वाजतच नव्हता! सगळे एका माळेचे मणी. म्हातारा एकटा पडलाय, बोलायला कोणी नाही, मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

आणि आता गाडीवर डोळा. दोघांना ती भंगारात घालायची होती, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. गाडी म्हातारी होती, हे खरं. किलोमीटर मोजणाऱ्या मीटरने सगळे आकडे संपवून पुन्हा शून्यापासून सुरुवात केली होती. त्या दिवशी बायको शेजारच्या सीटवर बसून लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती. त्या सीटला तिच्या बसण्याने पडलेला खळगा अजून तसाच होता.

"ठरवून टाकू," ते म्हणाले. "आवाज निघाला आणि मला तो घालवता आला नाही, तर न्या गाडी. नाहीतर पुन्हा हा विषय माझ्या दारात काढायचा नाही."

स्क्रू-ड्रायव्हर काढला. टोक पहिल्यावर टेकवलं, मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. मुठीतून हाताला मुंग्या आल्यासारखं होत होतं, बाकी काही नाही. इंजिन गरीब गाईसारखं उभं होतं.

"घ्या!" ते ताठ झाले. "कुठे आहे आवाज? तुमच्या डोक्यात."

जावयाने कपाळाला हात लावला. मुलगी पुढे आली आणि तिने त्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला. मूठ कानाला लावली. एक डोळा मिटला, खालचा ओठ दातांखाली धरला. हुबेहूब आई. टोक सरकत सरकत एका जागी थांबलं.

"बाबा, तिसऱ्यातून येतोय ना?"

'मी तेच सांगणार होतो' हे सवयीने त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. ते तेच सांगणार नव्हते.

खोटं पकडायचं म्हणूनच त्यांनी इंजिन थंड होऊ दिलं आणि वरचं झाकण उघडलं. टॅपेटची फट वाढली की इंजिन खडखडतं; त्या फटीत मोजमापाच्या गेजची पातळ पट्टी घालून बघितली. पहिल्याची फट बरोबर. दुसऱ्याची बरोबर. तिसऱ्याच्या फटीत पट्टी सैल हलली. त्यांनी तिच्यावर आणखी एक पट्टी ठेवली. दोन्ही सुरळीत आत गेल्या.

बोटं खोटं सांगत नव्हती. त्यांनी नट सैल केला, फट बेताची केली, नट आवळला. चौथा तपासला, झाकण लावलं आणि मुलीला खूण केली. तिने गाडी चालू केली.

"गेला!" जावई जागच्या जागी उडाला. "शिलाई मशीनसारखं चालतंय! मानलं बाबा तुम्हाला. ही गाडी आता कोण भंगारात घालतंय?"

कानसेन इंजिनवर वाकून तसेच उभे राहिले. मग स्क्रू-ड्रायव्हर उचलून मूठ कानाला लावली, टोक तिसऱ्यावर टेकवलं.

मघाशी होतं तसंच. हाताला मुंग्या, बाकी काही नाही.

त्यांना दूधवाला आठवला. कुकर आठवला. फोन वाजत नाही म्हणून मुलीला काय काय बोललो होतो, तेही आठवलं.

मुलीने डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ती शेजारच्या सीटवर हात टेकून वाकली होती, त्या खळग्यावर.

"बाबा, आता ठीक आहे ना?" तिने ओरडून विचारलं.

त्यांनी फडक्याने मूठ पुसली आणि स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात दिला.

"मला काय विचारतेस, पोरी," ते म्हणाले. "ऐकायची तुझी आई."