शेजारचं होम थिएटर

शेजारच्याने लिफ्टमध्ये मला ऐकवलं होतं, "रविवारी होम थिएटर येतंय. भिंती हलतील, सांभाळून घ्या." नव्या इमारतीत राहायला येऊन सगळ्यांनाच जेमतेम काही महिने झालेले. त्याची ओळख लिफ्टपुरती, त्याच्या बायकोची मान हलवण्यापुरती. पण मजल्यावर आजवर आमचाच टीव्ही सगळ्यात मोठा होता, त्यामुळे मला ते चांगलंच झोंबलं.

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि पलीकडे मारामारीचा सिनेमा सुरू झाला. काहीतरी काचेचं खळ्ळकन फुटलं. एक बाई "नको, नको" म्हणत किंचाळली. मग भिंतीवर असा दणका बसला की आमच्या लग्नाचा फोटो तिरका झाला.

"आवाज बघा कसा येतोय! जसं काही आपल्याच घरात चाललंय," बायको म्हणाली. "नाहीतर आपला हा डबा!"

मी इरेला पेटलो. रिमोट उचलला आणि आमच्या डब्याचा आवाज होता तेवढा चढवला. थोड्या वेळाने पलीकडचा सिनेमा गप्प झाला.

"कशी जिरवली!" मी म्हणालो. बायको हसत हसत फोटो सरळ करायला उठली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात दुकानाची दोन घामाघूम माणसं उभी होती आणि त्यांच्यामध्ये पुरुषभर उंचीचं सीलबंद खोकं.

 

"साहेब, शेजारचे दार उघडत नाहीत. त्यांचं होम थिएटर तुमच्याकडे ठेवू का?"