पाना

"थांब, फळीखालच्या पंखाचे बोल्ट आवळून देतो," म्हणत बाबांनी खिशातून पाना काढला. गाडीवरून लाटांवर उभं राहून चालवायची फळी उतरवताना मी खेकसले, "कुक्कुलं बाळ आहे का मी?" बोल्ट बोटांनीच फिरवले आणि निघाले. वारा पडला होता, तरी समुद्र मोठ्या, संथ लाटांनी फुगत होता. ऊर फुटेस्तोवर वल्हं मारलं आणि पाण्यातल्या पंखाने फळी पाण्याबाहेर वर उचलली. एका लाटेवरून दुसरीवर मी उडत होते. तेवढ्यात खाडकन आवाज आला आणि पंख निखळून बुडाला. फळीवर पालथी पडून, हात मारत तासाभराने किनाऱ्याला लागले. तिथे बाबांशेजारी उभे असलेले माझे प्रशिक्षक तापले होते. "जीव गेला असता! बोल्ट कुणी लावले?" चाळीस वर्षं इंजिनं दुरुस्त करणारे बाबा पुढे झाले. "मीच. हाताला पूर्वीसारखा जोर राहिला नाही." प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.