दहा सेकंद

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या बालवाडीत परीक्षा घ्यायला गेले होते. चाळीसपैकी बत्तीस मुलं पास झाली, तरच पैसे लावणाऱ्या कंपनीला सरकारकडून परतावा मिळणार होता, आणि तरच बालवाडी पुढे चालणार होती. कंपनीने परीक्षक म्हणून मला पाठवलं. नातं मी ऑफिसात सांगितलं नव्हतं. एकतीस मुलं पास झाली. शेवटच्या मुलीपुढे मी लाल ठोकळा धरला आणि घड्याळ लावलं.

"कोणता रंग?"

मुलगी नुसती ठोकळ्याकडे बघत राहिली.

"मॅडम, जरा थांबा," आई मला म्हणाली. "तिला येतं. वेळ लागतो, एवढंच."

"दहा सेकंद, बाई. सगळ्यांना सारखेच." मी शून्य लिहिलं.

संध्याकाळी घरी आईने चहा पुढे ठेवला. "घ्या मॅडम, गार होईल." मग हसली. "चार वर्षांची होईपर्यंत तुझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मी कुठे घड्याळ लावून बसले होते?"

 मी निकाल पाठवून टाकला. पहाटे आई झोपेतच गेली.

सकाळी बालवाडीतली मुलं आपापल्या आयांबरोबर आली. ती शेवटची मुलगी माझ्या आईच्या उशाशी बराच वेळ उभी राहिली. मागची बाई तिला पुढे सरकवू लागली, तेव्हा मी हात आडवा घातला. मग आईच्या पांघरुणावर बोट ठेवून ती मुलगी हळूच म्हणाली, "लाल."

"आई," मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "तुझंच बरोबर होतं."